मानेवरचा हात

माझ्याबद्दलची एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझी फार दया यायची नाही. सुरतेजवळच्या पलसाण्यातल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी रंग जुळवायचं काम करतो. व्यापारी बोटभर कापडाचा तुकडा पाठवतो, "डिट्टो शेड पाहिजे" म्हणतो, आणि मी तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून कुठला रंग किती घालायचा ते सांगतो. एका निळ्यात मला चौदा निळे दिसतात. मिलमध्ये मला मास्तर म्हणतात. आणि हा मास्तर सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून लिंबायतच्या गल्ल्यांतून हिंडतो तो फक्त काळेपांढरे फोटो काढायला.

असं का, म्हणून कुणी विचारलं की मी चेहरा गंभीर करून सांगतो, "रंग लक्ष विचलित करतात." खरं कारण असं की आठवडाभर रंग बघून डोळे किटतात. पण तसं सांगितलं तर कलावंत म्हणून आपली किंमत काय राहिली! मी तर कॅमेऱ्यात अशी सोय करून ठेवली होती की डोळा लावला की समोरची गल्ली थेट करडीच दिसावी आणि फोटोची रंगीत प्रत मागं शिल्लकच राहू नये. परतीचा रस्ता ठेवायचा नाही, असा माझा बाणा. हा बाणा पुढं मला कुठं टोचला ते सांगतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. खानदेशातून सुरतेला आले ते वयाच्या विसाव्या वर्षी, आणि चाळीस वर्षं लिंबायतमध्येच त्यांनी लूम चालवले. लुमांनी त्यांचे कान खाल्ले. आता ऐंशीच्या घरात आहेत. समोर उभं राहून ओठ नीट हलवले तर त्यांना कळतं, पाठीमागून तोफ उडाली तरी नाही. गेल्या वर्षापासून आणखी एक झालंय. कधीकधी पहाटे उठून ते डबा मागतात. पाळी आहे म्हणतात. मग तासाभरानं आपोआप विसरतात आणि आपल्याकडेच बघत बसतात, जणू डबा आपण मागितला होता.

त्या दिवशी बायको सकाळी सहालाच चलथाणला बहिणीकडं निघाली होती. जायच्या आधी तिनं आप्पांची अंघोळ उरकली, कपडे घातले, आणि दारात चप्पल चढवता चढवता मला म्हणाली, "सातला त्यांना फिरवून आणा. हात धरून. आणि कॅमेरा घरी."

"अगं, ते काय सांगायला हवं?"

"हवं," ती म्हणाली. "तिकडं रेल्वेलाइन आहे. भिंतीला भगदाडं पडलीत. त्यांना शिट्टी ऐकू येत नाही. तुम्हाला कॅमेरा हातात असला की काहीच ऐकू येत नाही. दोघं बहिरे एका वेळी बाहेर नकोत."

मी मान डोलावली. ती गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि मी भाजीच्या पिशवीत कॅमेरा घातला. वर दुसरी रिकामी पिशवी दुमडून ठेवली. कुणापासून लपवत होतो कोण जाणे. घरात आप्पा सोडून कुणी नव्हतं.

जानेवारीतलं धुकं होतं. सुरतेचं धुकं निम्मं धुराचंच असतं, त्याला रंग नसतो. आम्ही मागच्या गल्लीत शिरलो. तिथं दोन्ही बाजूंना खाती आहेत. पॉवरलूमच्या कारखान्याला आमच्याकडं खातंच म्हणतात. सातला पाळी बदलते, पण लूम थांबत नाहीत. दारं उघडी, आत रांगेनं लूम, आणि आवाज असा की थोड्या वेळानं तो आवाज म्हणून कळतच नाही. त्या गल्लीत उभं राहिलं की एक प्रकारची शांतताच पसरते. माणसं तोंडं हलवतात, हसतात, कुत्रं भुंकतं, आणि कशाचाच आवाज येत नाही. मला ती गल्ली म्हणूनच आवडायची. न काढलेला फोटोच होता तो.

एका बंद दुकानाच्या ओट्यावर मी आप्पांना बसवलं. समोर वाकून ओठ फाकवून म्हणालो, "बसा हं. दोनच मिनिटं. मी इथंच आहे." ते हसले. मी पिशवीतून कॅमेरा काढला, त्यांचाच एक फोटो काढला, आणि दहा पावलं पुढं जाऊन त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

रात्रपाळीची माणसं बाहेर पडायला लागली होती. अंगावर, केसांवर, भुवयांवर धाग्यांचा पांढरा भुसा. पंचविशीतली पोरं म्हाताऱ्यांसारखी दिसत होती. धुक्यातून एकेक जण पुढं यायचा, आधी नुसता डाग, मग माणूस. त्यातला एक जण समोरच्या दारात थबकला. त्यानं थेट माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. सावकाश त्यानं उजवा हात वर नेला, तळवा मानेच्या मागं ठेवला, क्षणभर तसाच धरला, आणि खाली घेतला.

मी फोटो काढला. बारा तासांची पाळी, ताठलेली मान, धुकं! मनातल्या मनात मी त्या फोटोला नावही देऊन टाकलं: 'ओझं'.

मग दुसरा आला. तोही थबकला. माझ्याकडं पाहिलं, हात मानेमागं नेला, धरला, सोडला. मी दुसरा फोटो काढला. तिसरा आला. चौथा आला. कुणी डाव्या हातानं, कुणी डबा धरलेल्या हातानंच. एक जण तर गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला होता. धुक्यात त्याचा चेहराही दिसत नव्हता, फक्त वर जाणारा हात दिसला. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असतील तरी त्या आवाजात मला ऐकू येणार नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि एकामागून एक तीच एक गोष्ट करत होते, जणू आत कुणी शिकवून बाहेर सोडत होतं.

शहाणा माणूस असता तर त्यानं कॅमेरा खाली घेतला असता. माझ्या अंगावरही काटा आला होता, नाही असं नाही. पण तो काटा मी कलेच्या खात्यात जमा केला. लिंबायतची मान एकाच सकाळी अवघडली, आणि ते टिपायला नेमका मी हजर! अकरा फोटो काढले. बाराव्या माणसानं हात वर नेलाच नाही. तो माझ्या डाव्या बाजूला कुठंतरी बघत उभा होता, तोंड किंचित उघडं. त्याचाही काढला. मग गल्ली रिकामी झाली.

मी वळलो. ओटा रिकामा होता.

ओट्यावरच्या धुळीत बसल्याची खूण होती, तेवढीच. मी दुकानाच्या मागं पाहिलं, पुढं पाहिलं, "आप्पा!" म्हणून ओरडलो. माझी हाक मलाच ऐकू आली नाही. ज्यांना ऐकायला पाहिजे ते तर तसेही बहिरे. शेजारच्या दोन गल्ल्या पळत पालथ्या घातल्या. घरी जाऊन पाहिलं, कुलूप. तेवढ्यात लांबून मालगाडीची शिट्टी आली आणि मी नाक्याकडं धावलो.

नाक्यावर एक रिक्षावाला उभा होता. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधलेला, कुठल्याशा सत्संगाची जाहिरात फिरवत होता. खानदेशीच होता, माझ्याएवढाच असेल. मी धापा टाकत सांगितलं. त्यानं माइक हातात घेतला, त्यात फुंकर मारून तपासला.

"वय?"

"ऐंशीच्या आसपास."

"अंगकाठी?"

"माझ्याएवढीच. जरा वाकलेले. कानानं ऐकू येत नाही."

"शर्ट कोणत्या रंगाचा?"

मला माहीत नव्हतं. घरापासून ज्या माणसाचा हात धरून चाललो, ज्याला ओट्यावर बसवलं, ज्याचा फोटो काढला, त्याच्या अंगातल्या शर्टाचा रंग मला सांगता येईना. डोळ्यांपुढं आणत होतो तर करडाच येत होता.

"भो, शर्टाचा रंग," तो पुन्हा म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो, आणि कॅमेऱ्यातला आप्पांचा फोटो उघडला. आता इथं मास्तर जागा झाला. कातडी एवढी गडद, ओट्याची फरशी एवढी, धोतर पांढरं, तर मधल्या या करड्याचा रंग कोणता? मी अर्धं मिनिट डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला. "आकाशी. फिका आकाशी, किंचित हिरव्याकडं झुकणारा."

"भोंग्यातून इतकं नाही मावायचं," तो म्हणाला. "आकाशी सांगतो."

आणि लिंबायतमधून जाहिरात निघाली. मराठीतून, हिंदीतून, गुजरातीतून. म्हातारे बाबा हरवलेत, ऐकू येत नाही, अंगात आकाशी शर्ट. रिक्षा पावलापावलानं पुढं, मी बाजूनं चालत. अर्ध्या तासात लोकांनी आम्हाला आकाशी शर्टातले तीन म्हातारे धरून दिले. त्यातला एक चांगलाच भडकला होता. तो स्वतःच्या घराच्या पायरीवर बसून दाढी करत होता आणि दोन पोरांनी त्याला फेसासकट उचलून आणलं होतं. त्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी, लुमांचा आवाज जरा कमी असतो तिथं, एका बाईनं गॅलरीतून वाकून विचारलं, "ओ भाऊ, एक बाबा मी बघितले होते, पण त्यांचा शर्ट गुलाबी होता. ते नव्हेत ना?"

"नाही नाही, आकाशी," मी वर बघून ठामपणे सांगितलं, आणि आम्ही पुढं गेलो.

मग फोन वाजला. बायको. लिंबायतमधली बातमी चलथाणला पोहोचायला अर्धा तास पुरतो.

"आप्पांना आकाशी शर्ट कुणी घातला?" तिनं हॅलो न म्हणताच विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी मी त्यांना गुलाबी घातलाय. माझ्या हातांनी. वरचं बटण लागत नव्हतं."

मी रिक्षाच्या दांड्याला धरलं.

"कॅमेरा कुठंय?"

"घरी," मी म्हणालो. तो छातीवर लोंबकळत होता.

"मी निघाले," ती म्हणाली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिक्षावाल्यानं रिक्षा वळवली. गॅलरीखाली येऊन मी हात जोडून त्या बाईला विचारलं, गुलाबी शर्टाचे बाबा कुठं बघितले?

ती माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघायला लागली. "तुमच्यामागंच की. तुम्ही तिथं उभं राहून फोटो काढत होतात ना? ते तुमच्या पाठीला लागून उभे होते. इतके जवळ, की मला वाटलं तुम्हीच उभं केलंय."

"माझ्यामागं?"

"पाठीमागं. तुमच्या खांद्यावरून बघत होते. मग माझं दूध उतू गेलं म्हणून मी आत गेले."

रिक्षावाल्यानं रिक्षा बंद केली. "बघू ते फोटो," तो म्हणाला. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यानं एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, आणि माझ्याकडं मान वर केली.

"हे काय काढलंयस?"

"थकवा," मी म्हणालो. आवाज आधीच बारीक झाला होता.

"कसला थकवा! अरे भो, हे सगळे तुला सांगताहेत. मागं बघ. मागं बघ." त्यानं स्वतःचा तळवा मानेच्या मागं ठेवला, क्षणभर धरला, सोडला. अगदी तसाच. "लुमावर ओरडून कुणाला ऐकू येतं? लुमाच्या मागच्या अंगाला काही बिघडलं की असं करून दाखवायचं. मी नऊ वर्षं काढलीत खात्यात. तुला नाही माहीत? कुणाचा पोरगा तू?"

मला काय माहीत असणार! अठराव्या वर्षी आप्पांनी मला तीन दिवस खात्यात उभं केलं होतं. तेव्हाही कारीगर माझ्याकडं बघून मानेवर हात मारायचे. मला वाटायचं, इथं डास फार आहेत. मीही माझी मान चापटायचो. तिसऱ्या दिवशी शेठनं मला घरी पाठवलं.

पण त्या घडीला हसू आलं नाही. अकरा माणसं मला एकामागून एक सांगत होती की तुझ्यामागं कुणीतरी उभं आहे, आणि मी त्यांचे फोटो काढत होतो. माझ्या मानेवर, नेमकं त्याच जागी, गार हवा लागली. मी गर्रकन वळून पाहिलं. मागं गल्ली होती, धुकं होतं, बंद दुकान होतं.

"हातांकडं नको, डोळ्यांकडं बघ," रिक्षावाला म्हणाला. तो अजून फोटोच बघत होता.

मी बघितलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं. इतका वेळ मला वाटत होतं की सगळे थेट भिंगात बघताहेत. पहिल्या चौघांची नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागं गेली होती, अगदी जवळ. पाचव्याची त्याहून थोडी लांब. सातव्याची डावीकडं सरकली होती. नवव्याची आणखी डावीकडं. माझ्या पाठीमागं जे चाललं होतं ते सगळं त्या माणसांच्या बुबुळांत होतं, पायरीपायरीनं.

आम्ही त्या जागेवर गेलो. मी सकाळी उभा होतो तिथंच उभा राहिलो, कॅमेरा हातात घेऊन एकेक फोटो बघत. रिक्षावाला माझ्यामागं गेला आणि आप्पा झाला. मी हातानं दिशा दाखवत ओरडायचो, "जवळ. अजून जवळ. आता दोन पावलं डावीकडं." मागं त्याच्या चपलांचा आवाज येत नव्हता, लुमांत काही ऐकू येत नव्हतं. माझ्यामागं एक माणूस मी सांगेन तसा सरकतोय आणि मला तो दिसत नाही, हे सगळं दिवसाढवळ्या नऊ वाजता चाललं होतं. बाराव्या फोटोशी आलो. तोंड उघडं ठेवून डावीकडं बघणारा तो माणूस.

"अजून डावीकडं," मी म्हणालो. "अजून."

मी वळलो. रिक्षावाला दोन खात्यांमधल्या एका बोळाच्या तोंडाशी उभा होता. माणूस कसाबसा मावेल एवढा बोळ. त्याच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेची भिंत आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी पळालो. बोळाच्या दोन्ही भिंती लुमांनी हादरत होत्या, हात टेकला तर हाडापर्यंत कळ जात होती. पलीकडं उजेडाची एक उभी फट. तिच्यातून बाहेर पडलो तो समोर भिंत, भिंतीत भगदाड, आणि भगदाडाच्या पलीकडून मालगाडी चाललेली. काळे डबे, एकामागून एक, संथ. मी तिथं उभा राहिलो. दोन डब्यांच्या मधून क्षणभर पलीकडचं दिसायचं, पुन्हा काळं, पुन्हा क्षणभर दिसायचं. मी गुलाबी शोधत होतो. आयुष्यात मी कुठल्या रंगाची इतकी वाट पाहिली नव्हती. धुक्यात तिकडंही सगळं करडंच होतं.

गाडी गेली. रूळ रिकामे होते. मी भगदाडातून आत वाकून दोन्हीकडं पाहिलं. काही नव्हतं. काहीच नसण्याचा अर्थ चांगला की वाईट, हे ठरवायची माझ्यात ताकद राहिली नव्हती.

तेवढ्यात भोंगा ऐकू आला. मला आधी वाटलं, आमचीच रिक्षा. पण आवाज बाईचा होता, शांत, सावकाश बोलणारा. भिंतीच्या कडेनं पुढं बुद्धविहार आहे, तिथून येत होता.

"एक मुलगा हरवला आहे. वय वर्षं सात. उजव्या भुवईवर खोक पडल्याची खूण आहे. बोलताना अडखळतो. पायात चप्पल नाही. कुणाला दिसल्यास विहारात आणून सोडावं. त्याचे वडील इथं बसलेले आहेत."

मी सवयीनं चुकचुकलो, बिचारं लेकरू म्हणून. आणि मग माझा हात आपोआप माझ्या उजव्या भुवईवर गेला. ती खोक अजून तिथं आहे. सातव्या वर्षी ओट्यावरून पडलो होतो. दहावीपर्यंत मी अडखळत बोलायचो.

विहाराच्या व्हरांड्यात आप्पा खुर्चीवर बसले होते. हातात पाण्याचा पेला. शर्ट गुलाबी होता. इतका उघड गुलाबी, की लहान मुलालाही सांगता आला असता.

माइक ठेवून एक ताई पुढं आल्या, चाळिशीच्या असतील. मी कोण ते त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी माझ्या भुवईकडं पाहिलं.

"भिंतीकडं चालले होते," त्या म्हणाल्या. "पोरगं तिकडं गेलं असेल म्हणत होते. मी हात धरून आणलं. मला वाटलंच होतं काहीतरी. पण म्हटलं, खोटं असेल तर एक जाहिरात वाया जाईल. आणि खरं असलं तर?"

मी आप्पांच्या समोर जाऊन वाकलो. त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. सभ्यपणे, नवख्या माणसाकडं बघतात तसं.

"मन्हा आंडोर हरपना," ते म्हणाले. माझा मुलगा हरवला. "मन्हा मांगे-मांगे व्हता. मी मांगे देखं, तं नही." मग त्यांनी माझा चेहरा न्याहाळला, घाम, धाप. "तू कोनले शोधी राहिना?"

घरात मी अहिराणी बोलायची सोडून वर्षं झाली. पण त्या वेळी तीच आली. "मन्हा बापले," मी म्हणालो.

"कसा दिखस?"

"तुमनासारखाच."

"मंग सापडी जाई," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हातारा मानूस किती दूर जाई?"

मी त्यांना उठवायला गेलो, पण ते हलेनात. पोरगा इथं येणार, ताईंनी सांगितलंय. ऊन चढेपर्यंत मी सगळे उपाय केले. शेवटी माझा जन्मजात गुण कामाला आला. मी खोटं बोललो. ओठ मोठे करून म्हणालो, "तुमचा पोरगा घरी पोहोचला. मी पाहिला."

आप्पांचे डोळे एकदम उजळले. आणि लगेच बारीक झाले. चाळीस वर्षं लुमावर कापडातली खोट शोधलेला माणूस तो. "शर्ट कोनता रंगना व्हता?"

ताई मागून कुजबुजल्या, "मीच त्यांना म्हटलं होतं, रंग कुणाला सांगू नका. खूण म्हणून राहू द्या."

सातव्या वर्षीचा माझा शर्ट. आईनं खात्यातल्या कटपीसचा शिवलेला, तेवढं आठवलं. शाळेतल्या रांगेत उभा असलेला माझा एक फोटो घरात आहे, त्यात तो दिसतो. तो फोटो काळापांढरा आहे. मी तो फोटो डोळ्यांपुढं आणला, शेजारच्या पोराची खाकी चड्डी बघितली, मागची भिंत बघितली.

"पिवळा," मी म्हणालो.

आप्पा हसायला लागले. दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. त्यांनी ताईंकडं पाहिलं, "याले रंग समजत नही." मग माझी कीव आली असावी. ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझं मनगट धरलं. "चाल. मी तुले दखाडस. घर पेटीमा ठेयेल शे तो शर्ट."

आणि मला घेऊन ते निघाले. एकही वळण न चुकता. बोळातून नाही, मोठ्या रस्त्यानं, गाडी आली की थांबत, मला थांबवत. रिक्षावाला भोंगा बंद करून आमच्यामागून सावकाश येत होता. मनगटावरची त्यांची पकड घट्ट होती. मीच हरवेन अशी त्यांना भीती वाटत असावी.

दाराशी बायको उभी होती. तिनं आधी आप्पांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं. काय बोलायचं ते तिनं चलथाणपासून मनात जुळवत आणलं असणार, तिचे ओठही हलले. पण आप्पा आधी बोलले.

"याले पहिले चहा दे," ते तिला म्हणाले. "याना बाप हरपेल शे."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मग बाजूला सरकून तिनं मला वाट दिली. "बसा," ती म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.

मी माझ्याच घरातल्या खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलो. आप्पा पेटीबद्दल विसरले होते. ते समोरच्या पलंगावर टेकले, माझ्या गुडघ्यावर थोपटलं, आणि मला धीर यावा म्हणून चौकशी करायला लागले.

"तुन्हा बाप कोनता खातामा व्हता?"

मी खात्याचं नाव सांगितलं.

"हां?" ते पुढं झुकले, माझे ओठ पुन्हा वाचायला. मी पुन्हा सांगितलं.

"मंग मी वळखत व्हसू त्याले," आप्पा म्हणाले.